उगमाकडची वाट आणि पदरावरची माणसे

१

भीमा नदी पंढरपुरास वळण घेते आणि तिथे तिचे नाव चंद्रभागा होते. या वळणाकडे जाणाऱ्या वाटेवर मराठीत जेवढे लिहिले गेले आहे तेवढे अन्य कोणत्याही वाटेवर नाही. अभंग, आरत्या आणि संतचरित्रे यांपासून विसाव्या शतकातील ललितगद्य, कादंबरी आणि समाजशास्त्रीय निबंधापर्यंत हा लेखनव्यवहार अखंड चालू आहे. याच नदीचा उगम सह्याद्रीच्या धारेवर भीमाशंकराच्या परिसरात आहे. तिथेही ज्योतिर्लिंग आहे आणि तिथेही महाशिवरात्रीला आणि श्रावणात यात्रा भरते. या उगमाकडे कोकणातून चढणारी जुनी पायवाट कर्जत तालुक्यातील खांडस गावाहून निघते. कर्जत, खालापूर, पेण, पनवेल या बाजूचा भाविक मोटाररस्ते होण्यापूर्वी याच आणि अशाच घाटवाटांनी माथ्यावर जात असे. तरीही या वाटेला इरावती कर्वे किंवा दि. बा. मोकाशी लाभले नाहीत. एकाच नदीचे वळण साहित्याने गजबजलेले आणि उगमाकडची चढण मात्र जवळजवळ मुकी, ही विषमता योगायोगाची मानता येत नाही. तिच्यामागे वाङ्मयप्रकारांचे, संस्थांचे आणि दृष्टिबिंदूचे काही नियम काम करतात.

हे नियम शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : मराठीतील यात्रालेखनाने आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या गिरिभ्रमणाच्या लेखनाने अरण्यातील वाट ही नेहमी चालणाऱ्याच्या बाजूने वाचली आहे. त्यामुळे त्या वाटेवर राहणारा माणूस संहितेत आला, तर तो केवळ एक कार्य म्हणून आला. ‘दुर्गम’ हे विशेषण या वाचनाची सर्वांत सोयीची खूण आहे. ते स्थळाचा गुणधर्म सांगते असे वाटते. वस्तुतः ते बोलणारा कोठे उभा आहे एवढेच सांगते.

२

वाटेचे स्वरूप प्रथम नोंदवणे आवश्यक आहे. कर्जतहून कशेळेमार्गे खांडस गाठले, की गावापुढे वाट दुभंगते. एक फाटा गणेश घाटाचा. तो लांबचा पण सोपा आहे आणि वाटेतल्या गणपतीच्या मंदिरावरून त्याला हे नाव पडले आहे. दुसरा शिडी घाटाचा. तो जवळचा पण अंगावर येणारा आहे. सरळ कड्याशी वाट संपल्यासारखी होते, तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि शिड्यांमधल्या टप्प्यांवर कातळाला बिलगून जावे लागते. पावसाळ्यात हीच वाट जिवावर बेतू शकते. दोन्ही फाटे मधल्या सपाटीवर एकत्र येतात. या सपाटीच्या कडेला पदरगड उभा आहे. तिथून पुढे दाट जंगलातून सरळ चढण लागते आणि अखेरीस माथ्यावरच्या तळ्याशी माणूस बाहेर येतो. खांडसपासून मंदिरापर्यंत पायी जाणाऱ्याचा बहुतेक दिवस चढण्यातच जातो. १९८५ साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूचे हे घर आहे.

आता या वाटेच्या संहिता पाहू. पहिली संहिता पुराणाची आहे. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत कुंभकर्ण आणि कर्कटी यांचा पुत्र भीम हा राक्षस आईबरोबर सह्य पर्वतावर राहतो. पुढे तो कामरूपाच्या राजाला जिंकून बंदिवान करतो आणि त्या राजाच्या पार्थिव लिंगातून शंकर प्रकट होतात. एकाच कथेत सह्यही आहे आणि कामरूपही आहे. म्हणूनच आसामातही या ज्योतिर्लिंगावर हक्क सांगितला जातो. स्थानिक परंपरा तिसरीच कथा सांगते. तिच्यात त्रिपुरासुराशी झुंजून थकलेल्या शिवाच्या घामातून भीमा वाहू लागते. स्थळाचा निर्णय पुराणसंहिता करू शकत नाही, हे इथे स्पष्ट दिसते. तो निर्णय पिढ्यानुपिढ्या वाट तुडवणाऱ्या पायांनी केला आहे. संहिता स्थळ सुचवते आणि चालणे ते निश्चित करते. वाङ्मयीन दृष्ट्या हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तो वाचनाच्या कृतीला अर्थनिर्मितीत जे स्थान आपण देतो तेच स्थान चालण्याच्या कृतीला देतो.

दुसरी संहिता प्रशासनाची. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे जिल्हावार खंड सिद्ध झाले. त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात मोडत असे आणि भीमाशंकर पुणे जिल्ह्यात. परिणामी या वाटेचा पायथा एका जिल्ह्याच्या खंडांत गेला आणि माथा दुसऱ्या जिल्ह्याच्या खंडांत. गॅझेटियरमध्ये घाटवाटांच्या नोंदी आहेत. कोणती वाट लादलेल्या बैलांना योग्य, कोणती केवळ पायी माणसाला, असे त्यांचे वर्गीकरण आहे. माथ्यावरच्या देवळाचे वर्णन आहे. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड अशी वाट कुठल्याच खंडात मावत नाही, कारण खंडाची सीमा पर्वताच्या धारेवरून जाते आणि वाट त्या धारेला छेदून जाते. प्रशासनाला धार ही सीमा वाटते. यात्रेकरूला ती ध्येय वाटते. पुढे जिल्ह्यांची नावे बदलली, कर्जत कुलाब्यात गेले, कुलाब्याचे १९८१ मध्ये रायगड झाले. पण वाट दोन कागदांत विभागण्याची पद्धत टिकून राहिली.

माथ्यावरच्या वास्तूची कथा मात्र अखंडपणे सांगितली जाते. शिखराचे काम नाना फडणविसांकडे जाते. मंदिरासमोरची मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी आप्पांकडून आली असे सांगितले जाते. याच नानांनी खालापूर तालुक्यात, भोर घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला तळे आणि शिवमंदिर बांधले. इतिहासाला बांधलेले आठवते. तुडवलेली वाट तो विसरतो, कारण तिचा कर्ता एक नसतो आणि तिच्यावर शिलालेख नसतो.

३

पंढरीच्या वाटेला जे गद्य लाभले त्याचे विशेष कोणते? इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आणि मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) ही या गद्याची दोन टोके मानता येतील. कर्वे दिंडीत सामील होऊन चालतात आणि त्यांचे निवेदन बहुधा ‘आम्ही’च्या कडेवर असते, पण हे ‘आम्ही’ जेवणाच्या पंगतीशी येऊन अडखळते. ब्राह्मणांची दिंडी वेगळी जेवते, मराठ्यांची वेगळी, आणि दिवसभर एकत्र गायलेली माणसे संध्याकाळी विभागली जातात याची वेदना लेखिका लपवत नाही. मोकाशी उलट दिशेने जातात. ते आरंभापासूनच वारकऱ्यांहून वेगळे राहून पाहतात. त्यांचे निवेदन माणसामाणसाशी थांबत जाते, त्यांचे धंदे, विवंचना आणि श्रद्धा विचारत पुढे सरकते. एकीत सामीलकी आहे आणि दुसऱ्यात निरीक्षण. दोघांतही चालणारा माणूस चालणाऱ्यांकडेच पाहतो.

या गद्याचा सिद्धान्तावर झालेला परिणाम ठाऊक आहे. व्हिक्टर टर्नर यांनी १९७० च्या दशकात यात्रेचा जो सिद्धान्त मांडला, त्यात पंढरीच्या वारीचा दाखला येतो. यात्रेकरू आपली रूढ समाजरचना मागे ठेवतो, एका उंबरठ्यावरच्या अवस्थेत शिरतो, आणि तिथे दर्जा व भेद विरघळून एक समभावी समूह निर्माण होतो, असे टर्नर यांचे म्हणणे. कर्वे यांच्या पंगतींनी या समभावावर आधीच प्रश्नचिन्ह लावले होते, ही टीका सर्वपरिचित आहे आणि तिची पुनरुक्ती इथे आवश्यक नाही. इथे एक वेगळा आक्षेप घ्यावयाचा आहे. टर्नर यांच्या रूपकात उंबरठा रिकामा असतो. तो ओलांडण्यासाठीच असतो. उंबरठ्यावर कायम राहणारी माणसे असू शकतात, ही शक्यता या सिद्धान्तात कुठेच बसत नाही.

पंढरीच्या वाटेवर ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण ती वाट पठारावरची, गावांमधून जाणारी आहे. मुक्कामाची गावे यात्रेच्या रचनेत सामील असतात. पालखीचे मानकरी, रिंगणाची जागा, अन्नदानाचे कूळ, सर्वांना नाव आणि मान असतो. वारीला संस्था आहे, फड आहेत, दिंड्यांचा क्रम आहे. ज्या वाटेला संस्था असते तिच्यावर लिहिणे सोपे जाते, कारण लेखनाला आयता आकृतिबंध मिळतो. मुक्काम म्हणजे प्रकरण, प्रस्थान म्हणजे आरंभ, दर्शन म्हणजे अखेर. खांडसच्या वाटेला असा क्रम नाही. तिथे यात्रेकरू घोळक्याने, कुटुंबाने, वाडीवाडीने चढत आले. त्यांच्या चालण्याची नोंद ठेवणारा फड नव्हता. ज्यांनी ही वाट वापरली त्या आगरी, कुणबी, कोळी, ठाकर समाजांच्या हाती दीर्घकाळ लेखणी नव्हती, हेही कारण आहेच. पण ते एकमेव कारण मानले तर आकृतिबंधाचा प्रश्न दृष्टिआड होतो.

मराठी गद्याचा आरंभच चालण्यातून झाला आहे हे या संदर्भात विसरू नये. ‘लीळाचरित्र’ हे चक्रधरांच्या भ्रमंतीच्या क्रमाने रचलेले आहे, आणि ‘स्थानपोथी’ने तर त्या भ्रमंतीतील जागांचीच नोंद केली. कोणत्या देवळात, कोणत्या बाजूच्या ओट्यावर स्वामी बसले, हे तिला महत्त्वाचे वाटते. जागेला अर्थ येतो तो कोणी तरी तिथे थांबला म्हणून. ही दृष्टी आपल्या गद्याच्या मुळाशीच आहे, आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. थांबून पुढे गेलेला माणूस जागेला अर्थ देतो; जो कधीच पुढे गेला नाही त्याचे राहणे नोंदीला पात्र होत नाही.

४

अरण्यातील यात्रेचा टप्पा आपल्या साहित्यात आला आहे तो बहुधा नर्मदेच्या परिक्रमेच्या निमित्ताने. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या संदर्भात आठवते. परिक्रमेच्या एकूण परंपरेत शूलपाणीच्या झाडीला विशेष स्थान आहे. या अरण्यात भिल्ल परिक्रमावासीयांना लुटतात, अंगावरचे वस्त्रही ठेवत नाहीत, आणि परिक्रमावासी हे लुटणे नर्मदामातेची इच्छा म्हणून स्वीकारतो, असा संकेत परिक्रमेच्या कथनांत पुनःपुन्हा येतो. लुटले जाणे ही अपरिग्रहाची परीक्षा ठरते. व्लादिमीर प्रॉप यांच्या परिभाषेत सांगायचे तर भिल्ल इथे पात्र नसून कार्य आहे. नायकाला कसोटीला लावणे हे त्याचे कार्य, आणि ते पार पडले की तो कथनातून नाहीसा होतो. तो का लुटतो, त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजले, त्याचे जंगल कोणी राखीव केले, हे प्रश्न कथनाच्या व्याकरणातच बसत नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्याने पुढे या झाडीचा मोठा भाग आणि शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही बुडवले. मंदिर बुडाल्याची नोंद परिक्रमेच्या साहित्यात ठळक झाली. वाड्या बुडाल्याची नोंद मुख्यतः आंदोलनाच्या साहित्यात राहिली. एकाच पाण्याचे हे दोन वाङ्मयप्रकार एकमेकांशी क्वचितच बोलतात.

भीमाशंकराच्या वाटेवर लुटणारा भिल्ल नाही, तिथे वाट दाखवणारा ठाकर आहे. कार्य बदलले, पण पात्र झाले असे म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय तरुणांनी सह्याद्रीत भटकायला सुरुवात केली आणि त्यातून एक नवा लेखनप्रकार रुजला. हरीश कापडिया यांचे इंग्रजी ‘ट्रेक द सह्याद्रीज’, आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’, प्र. के. घाणेकर यांची दुर्गविषयक पुस्तके ही या प्रकाराची परिचित नावे. या लेखनाने सह्याद्रीची जी ओळख मराठी वाचकाला करून दिली तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. अनेक वाटा त्यामुळे विस्मृतीतून वाचल्या. प्रश्न या प्रकाराच्या भाषेचा आहे.

वाटेच्या टिपणाचे क्रियापद विध्यर्थी असते : निघावे, वळावे, गाठावे, पाणी भरून घ्यावे. कर्ता लुप्त असतो, आणि तो कोणीही असू शकतो असे भासते. यात्रेकरूच्या आठवणीचे क्रियापद रीतिभूतकाळातील असते : जात असत, मुक्काम करीत, शिधा बरोबर नेत. तिथे कर्ता अनेकवचनी आणि सामूहिक असतो. गॅझेटियरचे क्रियापद वर्तमानकाळी व कर्मणी वळणाचे. तिथे वाट वापरली जाते आणि माल नेला जातो. तिन्ही रूपांत एक पुरुष कधीच येत नाही. तो म्हणजे वाटेवरच्या रहिवाशाचा प्रथमपुरुष : मी इथे राहतो. वाटेच्या टिपणात तो तृतीयपुरुषी आणि साधनरूपाने येतो; ‘वाडीतून वाटाड्या घ्यावा’ या घाटाच्या वाक्यात तो पाण्याच्या टाक्याच्या आणि मुक्कामाच्या गुहेच्या रांगेत बसतो.

मिशेल द सर्तो यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात नकाशा आणि फेरी यांत भेद केला आहे. नकाशा सर्व बिंदू एकाच वेळी वरून दाखवतो. फेरी एका पावलापुढे दुसरे पाऊल अशा क्रमाने सांगते. त्यांच्या मते नकाशाने हळूहळू फेरीला गिळले, तिच्या खुणा पुसून टाकल्या. वाटेचे टिपण पाहिले तर या भेदात एक भर घालावी लागते. टिपण फेरीच्या क्रमाने बोलते, पण बोलते नकाशाच्या अधिकाराने. चालणाऱ्याला वाटेत कोणाला विचारण्याची गरज उरू नये, हाच त्याचा आदर्श असतो. ज्या दिवशी टिपण परिपूर्ण होते त्या दिवशी वाटाड्या अनावश्यक होतो, आणि त्याच्याबरोबर संवादाचे शेवटचे निमित्तही संपते.

यात्रेकरू आणि भटक्या यांत मोठा फरक मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एक श्रद्धेने चढतो, दुसरा हौसेने. एकाला देव हवा असतो, दुसऱ्याला निसर्ग. संहितेच्या पातळीवर हा फरक पुष्कळ पुसट होतो. दोघेही कष्टाला मूल्य देतात. दोघांच्याही कथनात चढण ही अंतःशुद्धीची पायरी असते, माथा हा साक्षात्काराचा क्षण असतो. भक्ताचे तीर्थ आणि भटक्याचे शिखर एकाच रचनेत एकमेकांच्या जागी बसतात. शिडी घाटाची शिडी या दृष्टीने बोलकी आहे. भटक्याला ती साहसाचे चिन्ह वाटते. भाविकाला ती तपाचे चिन्ह वाटते. डोक्यावर ओझे घेऊन उतरणाऱ्या बाईला ती केवळ शिडी असते, आणि तिचा एखादा गज निखळला तर ती दुरुस्त करावयाची वस्तू असते. चिन्हाचे वस्तूत परतणे ज्या दृष्टिबिंदूतून घडते तो दृष्टिबिंदू आपल्या कथनांना सापडलेला नाही.

५

या दृष्टिबिंदूसाठी एखादी संज्ञा हवी असेल, तर ती बाहेरून आणण्याची गरज नाही. सह्याद्रीच्या बोलीत ती आहे. कोकणाची तळपट्टी आणि घाटमाथा यांच्या मध्ये डोंगराच्या अंगावर जी सपाटी असते तिला पदर म्हणतात. खांडसच्या दोन्ही वाटा जिथे मिळतात ती अशीच सपाटी, आणि पदरगडाचे नाव तिच्यावरूनच आले. डोंगराच्या शब्दांत शरीर आणि वस्त्र सर्वत्र आहे : माथा, पायथा, सोंड, नाक, पोट, पदर. पर्वताकडे पाहण्याची ही रीत चढणाऱ्याची नाही, सहवासाची आहे. सोबत राहणाऱ्यालाच दुसऱ्याचे अवयव आणि पेहराव ओळखू येतात.

पदराला साहित्यसमीक्षेची संज्ञा म्हणून घेतले तर टर्नर यांच्या उंबरठ्याची उणीव भरून निघते. यात्रेकरूला पदर हा विसाव्याचा टप्पा असतो; खालचे जग सुटलेले आणि वरचे अजून न लाभलेले, अशी मधली अवस्था. पण पदरावर वाडी असते, नाचणी-वरीची शेती असते, पाण्याची जागा असते. यात्रेच्या हंगामात झोपडीसमोर सरबत मांडले जाते, तेव्हा मांडणाऱ्याच्या दृष्टीने तो उंबरठा नसून अंगण असते. एकाची सीमावस्था ही दुसऱ्याची रूढ समाजरचना आहे. या वाक्याचा स्वीकार केला की यात्रेचा कोणताही सिद्धान्त एकेरी राहू शकत नाही. वाट ओलांडणाऱ्याला जे भेद विरघळल्यासारखे वाटतात, ते पदरावरच्या माणसाला कदाचित अधिक ठळक दिसत असतील. कारण देवाकडे जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे वर पाहत नाही, वाटेतला म्हणून पाहतो.

दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) मध्ये पश्चिम दख्खनच्या वाटा पायी तुडवून एक पद्धत सिद्ध केली होती. मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या संगमावर का आढळतात, लेण्यांचा व्यापारी मार्गांशी कसा संबंध आहे, हे त्यांनी ग्रंथांपेक्षा पायांनी शोधले. कर्जत तालुक्यातील कोंडाणे आणि आंबिवली येथील लेणी पाहिली, की घाटवाट ही तीर्थापेक्षा जुनी असते आणि देव पुष्कळदा वाटेच्या मागून येतो, हे ध्यानात येते. कोसंबींच्या पद्धतीचा आणखी एक विशेष असा, की त्यांच्या माहितीचा स्रोत वाटेवर राहणारा माणूस आहे. गुराखी, धनगर, वाडीतली पुजारीण यांना विचारल्याशिवाय त्यांचा युक्तिवाद उभा राहत नाही. आपल्या साहित्यसमीक्षेने कोसंबींचे निष्कर्ष उचलले. विचारण्याची पद्धत मात्र तशीच ठेवून दिली.

ललितलेखनात रहिवाशाच्या बाजूने जाण्याचा एक लक्षणीय प्रयत्न दांडेकरांच्याच ‘माचीवरला बुधा’ मध्ये दिसतो. राजमाची कर्जतच्या माथ्यावर आहे; कोंडाणे लेण्यांवरून तिची वाट चढते. मुंबई सोडून या डोंगरात परतलेला म्हातारा, त्याचे झाडांशी आणि प्राण्यांशी जडलेले नाते हा या कादंबरीचा विषय. इथे निवेदन माथ्याकडे धावत नाही, ते माचीवर थांबते. मराठी कादंबरीच्या संदर्भात हे थांबणे मोठे आहे. तरीही दोन मर्यादा नोंदवाव्या लागतात. बुधा रहिवासी आहे, पण परतलेला रहिवासी आहे. शहर टाकून आलेल्याची दृष्टी त्याच्या डोंगराला आधीच मिळालेली आहे. शिवाय त्याचे एकटेपण हा कादंबरीचा गाभा आहे. माची समाजाविना उभी राहते. वाडी म्हणजे भांडणे, कर्ज, दवाखान्याचे अंतर, पोरांची शाळा. यांतले काही आत येऊ दिले तर निसर्गलय भंगेल, या भयाने जणू वाडी दूर ठेवली जाते. निसर्गलेखनाने निर्मनुष्यता ही शुद्धतेची अट मानली, आणि यात्रालेखनाने ती तपाची अट मानली. दोन्ही अटींची किंमत पदरावरचाच माणूस चुकवतो.

६

ही किंमत केवळ वाङ्मयीन नाही. खालापूर तालुक्यात चौक गावाजवळ इर्शाळगड आहे, आणि मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याजोगा म्हणून भटक्यांच्या परिचयाचा आहे. गडाच्या अंगावर, म्हणजे पदरावरच, इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, तिच्यावर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना चिखलातून पायी चढावे लागले, आणि जड यंत्रे वर नेता आली नाहीत म्हणून माती हातांनी, कुदळफावड्यांनी उपसावी लागली. २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले.

या घटनेचे भाषिक अंग समीक्षेने पाहावयास हवे. त्या दिवसांत वृत्तांतात वारंवार वापरला गेलेला एक शब्द ‘दुर्गम’ हा होता. वाडी दुर्गम, वाट दुर्गम, मदत पोहोचणे दुर्गमतेमुळे अवघड. दुर् आणि गम् या घटकांनी बनलेला हा शब्द जाण्याची अडचण सांगतो. म्हणजे तो नेहमी येणाऱ्याच्या बाजूने बोलतो. हाच शब्द भटकंतीच्या लेखनात आकर्षणाचा आणि यात्रेच्या लेखनात पुण्याचा असतो, आणि आपत्तीच्या वृत्तांतात तो सबबीचा होतो. ज्या वाटेने दर शनिवार-रविवारी शहरातली मुले चढत होती ती वाट एका रात्रीत दुर्गम झाली नव्हती. ती चालणाऱ्यासाठी सुगम होती आणि व्यवस्थेसाठी दुर्गम होती, आणि हा फरक दाखवणारे वेगळे शब्द आपल्या लेखनाने घडवले नव्हते. वाटेची टिपणे वाडीचे अंतर मिनिटांत देत होती. शासनाच्या यादीत मात्र वाडीची ओळच नव्हती. एका संहितेत वाडी थांबा म्हणून होती, दुसरीत अजिबात नव्हती. घर म्हणून ती कोणत्याच संहितेत नव्हती.

साहित्याने असे लिहिले असते तर दरड टळली असती काय, असा प्रश्न विचारला जाईल. टळली नसती. कादंबरी संरक्षक भिंत बांधत नाही, आणि समीक्षकाने तसा आव आणू नये. आक्षेप याहून गंभीर स्वरूपातही येऊ शकतो. यात्रालेखनाचा विषय यात्रेकरूचे अंतरंग हा आहे. त्याने वाटेवरच्या समाजाचा हिशेब द्यावा अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे एका वाङ्मयप्रकारावर दुसऱ्याचे निकष लादणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. पण कर्वे यांचा लेख त्याला परस्पर उत्तर देतो. त्या लेखात पंगतीची नोंद ही समाजशास्त्राची बाहेरून आणलेली भर नाही. लेखिकेच्या अंतरंगातील ऐक्याची आस तिथेच जखमी होते, आणि म्हणूनच ती आस वाचकाला खरी वाटते. समाजाचा अडथळा आत आल्याने अंतरंगाचे लेखन खोल झाले आहे. पदरावरचा माणूस आत आला तर उगमाकडच्या वाटेचे लेखनही असेच खोल होऊ शकेल. माथ्यावरचे दर्शन त्याने उणे होणार नाही. त्या दर्शनाला कोणाच्या अंगणातून जावे लागले हे मात्र त्याला सांगावे लागेल.

आज भीमाशंकराला येणारा बहुसंख्य भाविक घोडेगावाच्या बाजूने, मोटाररस्त्याने देशावरून येतो. खांडसची वाट प्रामुख्याने हौशी भटक्यांची झाली आहे, तिच्यावर चढणारे कोकणचे घोळके विरळ होत गेले आहेत. त्यामुळे या वाटेची यात्रेकरूची स्मृती पुसली जाण्याचा संभव आहे, आणि तिच्या जागी विध्यर्थी टिपणांची भाषाच तेवढी उरण्याचा. अशा वेळी पदव्युत्तर संशोधनापुढे एक काम स्पष्ट दिसते. खांडस, कशेळे आणि चौक या परिसरातील वाड्यांमध्ये या वाटांविषयीची मौखिक कथने, स्थळनामांच्या उपपत्ती, यात्रेत म्हटली जाणारी गाणी आणि यात्रेकरूंबद्दल पदरावरच्या लोकांनी रचलेले विनोददेखील गोळा करावयास हवेत. विनोद विशेष महत्त्वाचे, कारण देवाकडे जाणाऱ्याकडे खालून न पाहता बाजूने पाहण्याची सोय त्यांत असते. हे संकलन लोकसाहित्याच्या कपाटात बंद न करता ‘वाटचाल’ आणि ‘पालखी’ यांच्या शेजारी ठेवून वाचले, तर मराठी यात्रागद्याचा इतिहास दोन बाजूंनी लिहिता येईल.

भीमा पंढरपुराकडे वाहते तेव्हा तिच्या काठाने माणसे आणि शब्द दोन्ही वाहतात. त्याच डोंगराच्या कोकणाकडील अंगावर पडलेला पाऊस उल्हासच्या खोऱ्यात उतरतो. जाताना तो पदरावरच्या शेतांतून आणि वाड्यांमधून जातो. या दुसऱ्या उताराचे वाङ्मय अजून लिहून व्हायचे आहे, आणि ते लिहिताना पहिला प्रश्न वाट कोठे जाते हा नसेल, ती कोणाच्या दारावरून जाते हा असेल.